लॅपटॉप घेताना नाव पाहावे की सेवा केंद्र?

बँकेत काम करणाऱ्या माणसाला लोक पैशांबरोबर आणखी बऱ्याच गोष्टी विचारतात. काही वर्षांपूर्वी मी मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात एका शाखेत होते. तिथे मुलताईकडच्या, शिलाईकाम करणाऱ्या एक ताई दर महिन्याला आरडीचे पैसे भरायला येत. मुलीला बीसीएला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी ती आरडी मुदतीआधी मोडायचे ठरवले. फॉर्मवर सही करता करता त्यांनी विचारले, "मॅडम, लॅपटॉप कोणत्या कंपनीचा चांगला?"

माझ्या घरी ज्या कंपनीचा होता, तिचे नाव मी सांगितले. माझा लॅपटॉप चार वर्षे नीट चालला होता, एवढाच माझा आधार. त्यांनी त्याच कंपनीचा, दुकानात सगळ्यात स्वस्त असलेला लॅपटॉप घेतला. चौदाव्या महिन्यात तो सुरूच होईना. वॉरंटी एक वर्षाची होती, ती संपली होती. बैतूलमध्ये त्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र नव्हते. नागपूर किंवा भोपाळ गाठायचे, म्हणजे रेल्वेने एका बाजूचे तीन-चार तास. दोन खेपा झाल्या, मदरबोर्ड बदलावा लागला आणि मुलीची प्रात्यक्षिक परीक्षा मैत्रिणीच्या लॅपटॉपवर पार पडली. ताई रागावल्या नाहीत. "तुम्ही सांगितलं म्हणून घेतला हो," इतकेच म्हणाल्या.

तेव्हापासून कोणी कंपनी विचारली, तर मी नाव सांगत नाही. उलट विचारते, "तुम्ही राहता कुठे? आणि हा बिघडला तर नेणार कुठे?" लहान बचतदारासाठी लॅपटॉपची निवड या दोन प्रश्नांपासून सुरू होते. ती कशी करायची, ते या लेखात पाहू.

एका नावाखाली अनेक वस्तू

"अमुक कंपनीचे लॅपटॉप टिकतात" असे आपण सहज म्हणतो. पण एकच कंपनी निरनिराळ्या ग्राहकांसाठी निरनिराळ्या मालिका काढते. लेनोवोची थिंकपॅड ही कार्यालयीन वापराची मालिका आहे, तर आयडियापॅड घरगुती वापराची. एचपीची एलिटबुक आणि पॅव्हिलियन, आसुसची एक्सपर्टबुक आणि व्हिवोबुक यांच्यातही असाच फरक आहे. डेलच्या लॅटिट्यूड आणि इन्स्पिरॉन या जुन्या मालिकांचेही तसेच होते.

कार्यालयीन मालिका कंपन्या आणि सरकारी खाती एकदम शेकड्याने घेतात. तिथे एक लॅपटॉप बंद पडला, तर एका माणसाचे काम थांबते. म्हणून त्यांची बांधणी सहसा मजबूत असते, सुटे भाग जास्त काळ मिळतात आणि घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी बऱ्याचदा मिळते. घरगुती मालिकेत किंमत खाली ठेवण्यावर भर असतो. ती वाईट असते असे नाही, पण शेजाऱ्याच्या थिंकपॅडचा अनुभव ऐकून आयडियापॅड घेण्यात अर्थ नाही. माझ्याकडून नेमकी हीच चूक झाली. माझा लॅपटॉप एका मालिकेतला, ताईंनी घेतलेला दुसऱ्या. सारखे होते ते फक्त झाकणावरचे नाव.

म्हणून कोणाचा अनुभव विचारताना कंपनीबरोबर पूर्ण मॉडेलचे नाव विचारा. तो माणूस कोणत्या गावात राहतो आणि दुरुस्ती कुठे झाली, हेही विचारा.

काय बिघडते आणि काय महाग पडते

लॅपटॉपमध्ये काही भाग झिजणारच. बॅटरी दोन-चार वर्षांत दमते. कीबोर्डची बटणे जातात. पडद्याची बिजागरी सैल होते आणि कधी आजूबाजूचे प्लास्टिक तडकते. चार्जिंगची पिन जिथे बसते, ती जागा ढिली होते. हे भाग सुटे मिळत असतील, तर दुरुस्ती आवाक्यात राहते.

खर्चाचा मोठा धक्का देणारे भाग दोन: मदरबोर्ड आणि पडदा. स्वस्त लॅपटॉपच्या किमतीचा मोठा हिस्सा एकट्या मदरबोर्डवर जाऊ शकतो. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असते. पुढे ती वाढवता येत नाही, आणि ती बिघडली तर प्रकरण मदरबोर्डपर्यंत जाते. त्यामुळे दुकानात तीन गोष्टी विचारा: रॅमसाठी मोकळी खाच आहे का? एसएसडी बदलता येते का? बॅटरी आणि कीबोर्ड सुटे मिळतात का?

उत्तर मिळाले नाही, तर त्या मॉडेलची दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. डेल, एचपी, लेनोवो यांसारख्या कंपन्या अनेक मॉडेलच्या पुस्तिका मोफत ठेवतात. कोणता भाग कसा काढायचा हे त्यांत चित्रांसह असते. आपल्याला स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. पण पुस्तिका उपलब्ध असेल, तर गावातल्या दुरुस्तीवाल्यालाही काम करणे सोपे जाते. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी किती सहज दुरुस्त होतो, याचे गुण छापावे लागतात. तुमचे मॉडेल तिथे विकले जात असेल, तर ते गुण इंटरनेटवर सापडू शकतात.

वॉरंटी: वर्षे मोजण्याआधी प्रकार पाहा

"एक वर्षाची वॉरंटी" एवढ्या शब्दांवर समाधान मानू नका. खालच्या गोष्टी तपासा.

पहिली, लॅपटॉप तुम्ही केंद्रावर न्यायचा की माणूस तुमच्याकडे येणार? नेऊन देण्याच्या वॉरंटीला कॅरी-इन म्हणतात, घरी येऊन दुरुस्तीला ऑनसाइट. पुण्यात, इंदूरमध्ये किंवा हैदराबादमध्ये राहणाऱ्याला कॅरी-इन चालून जाईल. तालुक्याच्या गावी ऑनसाइटला खरी किंमत आहे. मात्र ऑनसाइट सेवा तुमच्या पिनकोडला मिळते का, हे कंपनीच्या हेल्पलाइनवर विचारून घ्या. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर विसंबू नका.

दुसरी, बॅटरीची वॉरंटी किती? लॅपटॉपला तीन वर्षे असली, तरी बॅटरीला अनेकदा एकच वर्ष असते.

तिसरी, अपघाती नुकसान धरले आहे का? चहा सांडला, लॅपटॉप हातातून पडला, तर साधी वॉरंटी लागू होत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

चौथी, वॉरंटी कोणाची? कंपनीची वाढीव वॉरंटी आणि दुकानाने किंवा तिसऱ्याच संस्थेने विकलेली योजना या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात दुरुस्ती कुठे होईल, मूळ भाग वापरतील का आणि दरवर्षी भरपाईची मर्यादा कमी होते का, हे कागदावर वाचा. परदेशातून नातेवाईक लॅपटॉप आणणार असेल, तर त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी पाहा. पुष्कळदा ती त्या देशापुरतीच असते.

पाचवी गोष्ट लॅपटॉप घरी आल्यावरची. त्याच दिवशी खालच्या बाजूला असलेला अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधी संपते ते पाहा. लॅपटॉप दुकानात काही महिने पडून असेल, तर वॉरंटी आधीच सुरू झालेली दिसू शकते. तसे दिसले, तर बिल पाठवून तारीख दुरुस्त करून घ्या. वर्षभराने हे काम अवघड होते.

हिशेब मांडू या

समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. एक लॅपटॉप ३८,००० रुपयांना, एका वर्षाच्या कॅरी-इन वॉरंटीसह मिळतो. ४,५०० रुपये जादा भरले, तर तीच वॉरंटी तीन वर्षांची आणि ऑनसाइट होते. तो पाच वर्षे वापरायचा आहे. मध्ये एकदा ४,००० रुपयांची बॅटरी बदलावी लागेल.

काहीच बिघडले नाही, तर जादा वॉरंटीशिवाय एकूण खर्च ४२,००० रुपये, म्हणजे वर्षाला ८,४००.

दुसऱ्या वर्षी मदरबोर्ड गेला, तर दुरुस्तीचे १४,००० आणि येण्याजाण्याचे, बुडालेल्या रोजाचे २,५०० रुपये धरू. एकूण ५८,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ११,७००.

जादा वॉरंटी घेतली असेल, तर मदरबोर्ड दुसऱ्या वर्षी जावो वा न जावो, खर्च ४६,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ९,३००.

मग वॉरंटी घेणे नेहमीच फायद्याचे का? नाही. चार जणांनी जादा वॉरंटी घेतली, तर त्यांचे मिळून १८,००० रुपये गेले. त्यांच्यापैकी एकाचाच लॅपटॉप बिघडला, तर वाचले १६,५००. चौघांच्या एकत्र हिशेबात वॉरंटी महागच पडली. वाढीव वॉरंटी हा एक विमा आहे, आणि विमा नफ्यासाठी घ्यायचा नसतो. जे नुकसान आपल्याला एकदम झेपणार नाही, त्याच्यासाठी तो घ्यायचा.

तुमच्याकडे अडीअडचणीसाठी वेगळे ठेवलेले पंधरा-वीस हजार असतील, सेवा केंद्र शहरातच असेल आणि दोन आठवडे लॅपटॉपशिवाय निभावत असेल, तर जादा वॉरंटी टाळा आणि ते ४,५०० रुपये बचत खात्यात वेगळे ठेवा. पण लॅपटॉपवर मुलाची परीक्षा किंवा तुमची कमाई अवलंबून असेल आणि दुरुस्तीचे पैसे उसने आणावे लागणार असतील, तर वॉरंटी घ्या. ताईंच्या बाबतीत मी हा हिशेब मांडला असता, तर उत्तर स्पष्ट होते. वाढीव वॉरंटी शक्यतो खरेदीच्या वेळी किंवा पहिली वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते, हेही लक्षात ठेवा.

खरेदीआधी अर्धा दिवस

दोन-तीन मॉडेल नक्की झाली की अर्धा दिवस खालील कामांना द्या.

प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर तुमचा पिनकोड टाकून जवळचे अधिकृत केंद्र शोधा. तिथे फोन करा. फोन उचलतात का, याच मॉडेलचा कीबोर्ड किंवा बॅटरी यायला किती दिवस लागतात आणि वॉरंटी संपल्यावर फक्त तपासणीचे किती घेतात, हे विचारा.

मग गावातल्या एखाद्या जुन्या दुरुस्तीवाल्याकडे जा. "कोणती कंपनी चांगली?" असे विचारू नका. "कोणत्या मॉडेलचे भाग तुम्हाला लगेच मिळतात आणि कोणते महिनाभर अडकतात?" असे विचारा. त्याच्या टेबलावर रोज येणारे लॅपटॉप त्याला जे शिकवतात, ते जाहिरातीत सापडत नाही. त्याला कमिशन कोणाचे नसेल, याची मात्र खात्री करा.

इंटरनेटवरची मते वाचताना खरेदीनंतर आठवड्याभरात लिहिलेली बाजूला ठेवा. टिकाऊपणा दीड-दोन वर्षांनी कळतो. "दुरुस्तीला दिल्यावर काय झाले" हे सांगणारी मते शोधा.

कंपनीत वापरून झालेला कार्यालयीन मालिकेतला लॅपटॉप स्वस्तात मिळत असेल, तर तोही एक मार्ग आहे. पण तो विंडोज ११ चालवू शकतो का, हे आधी पाहा. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ज्या यंत्रावर सुरक्षेची नवी दुरुस्ती येत नाही, त्यावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. विक्रेत्याकडून बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी मिळत नसेल, तर पुढे जाऊ नका.

पैसे कुठून आणायचे

"बिनव्याजी हप्ता" या शब्दांवर थोडे थांबा. क्रेडिट कार्डाच्या अशा योजनेत बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम सवलत म्हणून किमतीतून आधी वजा केलेली असते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बऱ्याचदा प्रक्रिया शुल्क तुमच्याकडे येते. रोखीने घेतल्यास किती सूट मिळेल, तेही विचारा. रोखीने ३,००० रुपये सुटत असतील आणि हप्त्यात सुटत नसतील, तर तेच तुमचे व्याज समजा.

मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज घेतच असाल, तर अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेला संगणक वाजवी किमतीला त्यात धरता येतो. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत तशी तरतूद आहे. त्यासाठी दुकानाचे दरपत्रक अर्जाबरोबरच द्या.

मुदत ठेव किंवा आरडी मोडण्याआधी शाखेत विचारा की मुदतीआधी मोडल्यास व्याज किती कमी होईल आणि ठेवीवर कर्ज घेतले तर काय दर पडेल. मुदत संपायला दोन-तीन महिनेच उरले असतील, तर कर्ज स्वस्त पडू शकते.

लॅपटॉप घरात आला की पुढच्या लॅपटॉपची तयारी सुरू करा. महिन्याला ८०० रुपयांची आरडी पाच वर्षांत ४८,००० रुपये मुद्दल जमवते, व्याज वेगळे. मधल्या काळात मोठी दुरुस्ती निघाली, तर सावकाराकडे जावे लागत नाही.

बिघडलाच तर

बिल आणि वॉरंटीचा कागद मोबाइलवर फोटो काढून ठेवा, स्वतःला ईमेलही करा. साधे छापील बिल उन्हाळ्यात पुसट होते. महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर असू द्या. दुरुस्तीत डेटा गेला, तर केंद्र सहसा जबाबदारी घेत नाही. वॉरंटी चालू असताना लॅपटॉप बाहेर उघडू देऊ नका. चार्जर बदलावा लागला, तर बीआयएसचा नोंदणी क्रमांक असलेलाच घ्या. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

केंद्रावर लॅपटॉप देताना जॉबशीट घेतल्याशिवाय निघू नका. त्यावर तारीख, अनुक्रमांक, तक्रार आणि आधीचे ओरखडे लिहिलेले असावेत. फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा.

कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे अनेक भारतीय भाषांत तक्रार नोंदवता येते. तरीही मिटले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइन करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे. तिथे सर्वांत उपयोगी पडतात ते वर सांगितलेले कागद. दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती एका ठिकाणी मिळावी, म्हणून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर हे पोर्टलही सुरू केले आहे.

दुकानात न्यायची चिठ्ठी

बदली होऊन मी बैतूल सोडले, त्याआधी ताई धाकट्या मुलासाठी लॅपटॉप घ्यायला निघाल्या होत्या. या वेळी मी कंपनीचे नाव सांगितले नाही. काउंटरवरच्या जमा पावतीच्या मागे प्रश्न लिहून दिले:

१. पूर्ण मॉडेलचे नाव काय, आणि ते कार्यालयीन मालिकेतले की घरगुती?
२. माझ्या पिनकोडला घरी येऊन दुरुस्ती मिळते का? नसेल तर जवळचे केंद्र कुठे?
३. वॉरंटी किती वर्षांची, आणि बॅटरीची किती?
४. रॅम, एसएसडी, बॅटरी, कीबोर्ड सुटे बदलता येतात का?
५. वॉरंटी वाढवायला किती पैसे, आणि ती कंपनीची की दुकानाची?
६. रोखीने किती, हप्त्याने एकूण किती?

त्या तीन दुकाने फिरल्या. दोघांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले. तिसऱ्याने त्यांच्यासमोर हेल्पलाइनला फोन लावून स्पीकर चालू केला. लॅपटॉप त्यांनी तिथूनच घेतला, आणि कंपनी कोणती हे मला सांगायचे त्यांच्या लक्षातही राहिले नाही.